हॉलीबँकच्या फाटकाला लागलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं फाटक आहे. ओकच्या लाकडाचं, पाच आडव्या पट्ट्यांचं आणि आता एका बाजूला झुकलेलं. माझ्या पाठीमागं हॉलीबँकचं चौदा एकरांचं रान आहे आणि पुढं इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या टेकड्यांतून जाणारी एक अरुंद वाट. फाटकापाशी माणूस थांबतो आणि थांबला की बोलतो. या रानाचं जे काही मला माहीत आहे ते असं उभ्या उभ्या ऐकलेलं आहे. तेव्हा माझ्या सांगण्यात थोडी गावगप्पांची भर असली तर सांभाळून घ्या.

मला ऑब्री गॉफ नावाच्या सुतारानं घडवलं. हा माणूस घाई करायला शिकलाच नव्हता. माझं लाकूड त्यानं तीन वर्षं नुसतं वाळत ठेवलं होतं. जहागिरीचा कारभारी दर महिन्याला येऊन विचारायचा, "ऑब्री, फाटक कधी मिळणार?"

"लाकूड म्हणेल तेव्हा."

"मग काय म्हणतंय लाकूड?"

"अजून गप्प आहे."

कारभारी कपाळाला हात लावून परत जायचा. पण ऑब्रीनं मला बसवलं त्या दिवशी त्याच कारभाऱ्यानं एका बोटानं मला ढकललं आणि मी कुरकुर न करता पुरतं उघडलं. "वा!" एवढंच तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी. पुढं फार मिळाल्या नाहीत, म्हणून ती लक्षात राहिली.

त्या काळी रान, शेतं, गिरणी सगळं एका जुन्या घराण्याच्या मालकीचं होतं. आमच्याकडं एक रीत आहे, ती तुम्हाला जरा नवलाची वाटेल. जमीन एकाची आणि तिच्यावरची शिकार दुसऱ्याची, असं असू शकतं. झाडं, माती, पाचोळा मालकाचा. पण तिथल्या पक्ष्यांवर बंदूक कुणी उचलायची, हा हक्क वेगळा काढून विकता येतो, नाहीतर भाड्यानं देता येतो. हॉलीबँकच्या शिकारीचा हक्क गावातल्या नऊ जणांनी मिळून भाड्यानं घेतला होता आणि त्यांचा म्होरक्या होता क्लेम प्रीस.

क्लेम रस्त्याकडेची कुंपणं छाटायचं काम करायचा. उंच, हाडकुळा आणि बोलण्यात भलता कंजूष. त्याच्यासोबत टीझल नावाची एक लोंबत्या कानांची कुत्री असायची. माणसांशी बोलायचे शब्द वाचवून तो सगळे तिच्यावर खर्च करायचा. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो पाठीवर गव्हाचं पोतं घेऊन यायचा, मला उघडायचा, आठवणीनं मागं लावायचा आणि रानात जाऊन शिट्टी घालायचा. त्या शिट्टीसरशी फेझंट धावत यायचे. फेझंट म्हणजे लांब शेपटीचे, तांबूस, अंगानं भरलेले रानकोंबडे. दिसायला राजबिंडे, पण अक्कल बेताचीच.

शिकार वर्षातून फक्त सहा शनिवारी व्हायची, तीही हिवाळ्यात. त्या दिवशी गावातली माणसं हाकारे म्हणून काठ्या घेऊन रानात शिरायची, झाडांवर ठकठक करत पक्षी उठवायची आणि बाहेर बंदूकवाले उभे असायचे. दुपारी सगळे माझ्याजवळ जमून गरम सूप प्यायचे. काटेरी झुडपावरच्या करवंदासारख्या फळांची घरगुती दारूही फिरायची. मग जिभा सैल व्हायच्या.

"आज पाच बार काढले मी," आयव्हर खाटीक छाती फुगवून सांगायचा.

"आणि पाचही पक्षी मजेत आहेत," पाद्रीणबाई म्हणायच्या. "आयव्हर, तू बंदूक उचललीस की या रानात त्या पक्ष्याइतकं सुरक्षित कुणीच नसतं!"

खरं सांगायचं तर मला बंदुकीचा आवाज कधी आवडला नाही. प्रत्येक बाराला माझ्या पट्ट्या थरथरायच्या. सकाळी गहू टिपायला बोलवायचं आणि शनिवारी गोळी घालायची, हा हिशेब मला आजही जमत नाही. पण सहा दिवसांच्या त्या बंदुकीसाठी क्लेम उरलेलं वर्षभर रानात राबायचा, हेही मी पाहिलं आहे. हेझलची झुडपं तो आलटूनपालटून बुडापासून छाटायचा, म्हणजे जमिनीपर्यंत ऊन पोचावं. रानातल्या वाटा रुंद ठेवायचा. भेकरं वाढली की कमी करायचा, नाहीतर ती कोवळी रोपं खाऊन फस्त करतात. झाडांच्या साली सोलणाऱ्या राखाडी खारी आवरायचा. शिकारीचे दिवस संपले तरी मार्चअखेरपर्यंत त्याचे दाण्यांचे पिंप भरलेले असायचे आणि त्यावर पिवळे भारीट पक्षी आणि चिमण्या ताव मारायच्या. वसंतात प्रिमरोझची फुलं माझ्या पायापर्यंत यायची. ते सगळं आपोआप होतं असं मला वाटायचं. माझीच समजूत एवढी, तर इतरांना काय नावं ठेवू?

तीस वर्षं असं चाललं. मग जुने मालक वारले आणि वारसांनी जहागीर तुकडे करून विकायला काढली.

एका सप्टेंबरात स्वच्छ बुटांचा एक दलाल मेरियन सेडली नावाच्या बाईंना घेऊन आला. बाई बर्मिंगहॅममध्ये दातांच्या डॉक्टर होत्या. नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या आणि त्याच वर्षी त्यांचे यजमान गिल्बर्ट गेले होते. आपलं स्वतःचं एक रान असावं, त्यात आपल्या हातानं झाडं लावावीत, ही गिल्बर्टची जन्मभराची इच्छा. ती पुरी करायची म्हणून बाई आल्या होत्या. माझ्या वरच्या पट्टीवर कोपर टेकून त्या बराच वेळ आत पाहत राहिल्या.

दलाल कागद वाचू लागला. "ओक, ॲश, हेझल. आत झरा. आणि शिकारीचे हक्कही सोबत."

"म्हणजे मी इथं शिकार करू शकते?"

"करू शकता. दुसऱ्याला करू देऊ शकता."

"आणि कुणालाच करू द्यायची नसेल तर?"

"तर तोही तुमचाच हक्क, बाईसाहेब."

"मग हे रान मी घेते," बाई म्हणाल्या. "इथं यापुढं एकही गोळी सुटायची नाही."

ते ऐकून मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आता पट्ट्या थरथरणार नाहीत, एवढंच मला सुचलं. क्लेमचं काय होईल हे माझ्या मनातही आलं नाही. आज त्याची लाज वाटते.

क्लेमला वकिलाचं पत्र गेलं. भाडेकरार संपला, सामान उचलावं, अशा दोन ओळी. तो पत्र घेऊन माझ्यापाशी आला, वाचलं, घडी घातली आणि कुत्रीला म्हणाला, "टीझल, आपल्याला रजा मिळाली गं." मग आत जाऊन त्यानं पिंप काढले नाहीत, उलट भरून ठेवले. थंडी तोंडावर आली होती.

बाईंना भेटून तो बोलला असता तर ही गोष्ट इथंच गोड झाली असती. पण तोंडानं मागणं म्हणजे क्लेमला कमीपणा वाटायचा. शिवाय बाई फक्त शनिवार-रविवारी यायच्या आणि क्लेमला बघून त्या दुसरीकडं वळल्या, असं दोनदा झालं. त्या लाजऱ्या होत्या. त्याला वाटलं, शिष्ट आहेत.

त्या वर्षी नऊ जणांनी शिकार शेजारच्या हॉवेल्सच्या शेतावर केली. तिथले बरेच पक्षी हॉलीबँकच्या रानातून उडून आलेले होते. आता आमच्या टेकड्यांतला रिवाज असा की ज्याच्या रानाचे पक्षी तुमच्या बंदुकीला आले, त्या शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी एक जोडी द्यायची. एक नर, एक मादी. दार वाजवायचं नाही, चिठ्ठी लिहायची नाही. फाटकावर टांगायची आणि निघून जायचं. शेजारी जोडी घरी नेतो, थंड जागी आठवडाभर टांगून ठेवतो आणि मग रांधतो. जोडी घेतली म्हणजे शेजार मान्य झाला. पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

शिकारीनंतरच्या रविवारी सकाळी क्लेम आला. आदल्या दिवशीच बाईंनी माझ्यावर 'शिकार करण्यास सक्त मनाई' अशी पाटी ठोकली होती. ती त्यानं वाचली आणि मान हलवली. मग नारिंगी सुतळीनं माना बांधलेली जोडी त्यानं माझ्या वरच्या पट्टीवर टांगली. नराची शेपटी चिखलानं चिकटली होती, ती बोटांनी पुसून सरळ केली.

"बाईंना बरी दिसली पाहिजे," तो टीझलला म्हणाला. "शहरातली माणसं आहेत."

मित्रांनो, शनिवारच्या शिकारीतली सगळ्यात सुंदर जोडी त्यानं निवडली होती. मी एवढ्या जवळून पाहिली, म्हणून माझी खात्री आहे.

दहाच्या सुमारास बाईंची गाडी आली. त्या उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि जागीच थिजल्या. काल लावलेली पाटी आणि आज तिच्याशेजारी मान लोंबणारे दोन मेलेले पक्षी! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, मग मोठ्यानं ओरडल्या, "कोण आहे? समोर या ना! बाई एकटी आहे म्हणून भीती घालता होय मला?"

मी काय करणार? मी कुरकुरलं. अंगातलं सगळं बळ लावून कुरकुरलं. पण फाटकाची कुरकुर माणसं फक्त तेल घालण्यासाठी ऐकतात. बाईंनी हातमोजे चढवले, सुतळी कापली आणि जोडी वाटेकडेच्या खंदकातल्या खाजकुयल्यांत भिरकावून दिली. दुपारी त्या गावातून एक भलंमोठं कुलूप आणि साखळी घेऊन आल्या. जन्मात पहिल्यांदा मला कुलूप लागलं. क्लेमचे पिंपही त्यांनी ओढत बाहेर आणून वाटेवर ठेवले.

सोमवारी क्लेम आला. पिंप पाहिले, कुलूप पाहिलं, मग टीझलनं खंदकात तोंड घातलं तेव्हा जोडीही पाहिली. आमच्याकडं मारलेला पक्षी न खाता फेकणं याच्याइतकं ओंगळ दुसरं काही नाही. ज्याला मारलं त्याचाही अपमान आणि ज्यानं दिलं त्याचाही. क्लेमनं खाजकुयल्या बाजूला करून ते दोन्ही पक्षी उचलले, टोपीनं त्यांच्यावरची माती झटकली आणि पिशवीत ठेवले.

"चल टीझल," तो म्हणाला. "इथं आपलं काम नाही."

त्यानंतर चार वर्षं तो फिरकला नाही. वाटेनं जायचा, पण नजर पलीकडच्या कुंपणावर ठेवून.

बाई आळशी नव्हत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी एकटीनं तीनशे रोपं लावली. गुडघे चिखलात, बोटांना भेगा, आणि प्रत्येक रोपाला म्हणायच्या, "गिल्बर्ट, हे बघ, आणखी एक." जूनपर्यंत भेकरांनी त्यांतली दोनशे कुरतडली. दुसऱ्या वर्षी पुन्हा लावली, प्लास्टिकच्या नळ्या घातल्या, तर मोठ्या हरणांनी नळ्या पाडल्या. खारींनी ओकच्या पोरसवदा झाडांच्या साली सोलल्या आणि शेंडे वाळले. हेझल कुणी छाटलं नाही, ते वर जाऊन एकमेकांत गुंतलं. वाटा बुजल्या. ऊन जमिनीवर पडेना तशी फुलं मागं हटली. तिसऱ्या वसंतात माझ्या पायाशी एकही प्रिमरोझ नव्हतं. भारीट तर पिंप गेले त्याच वर्षी गेले होते. गोळीचा आवाज थांबला होता आणि त्यासोबत बाकीचे आवाजही.

चौथ्या वर्षी एका शनिवारी बाई रानातून बाहेर आल्या, माझ्यावर डोकं टेकवलं आणि रडल्या. "मी काय चुकले रे?" असं त्या कुणाला विचारत होत्या कोण जाणे. उत्तर मला ठाऊक होतं. एवढं जवळ असून ते सांगता येऊ नये, याचं दुःख मला अजून होतं.

तेवढ्यात शेजारच्या विनी हॉवेल्स मेंढ्यांमागून आल्या. विनीबाई बोलायला चढ्या आवाजाच्या आणि मनानं मोकळ्या. त्यांनी बाईंना रडताना पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय झालं हो?"

"रान मरतंय माझं. सगळे उपाय करून पाहिले."

"एक सोडून सगळे. क्लेमला विचारायचं राहिलं. पण विचारणार तरी कुठल्या तोंडानं म्हणा! त्याची जोडी खंदकात फेकलीत ना तुम्ही."

"कसली जोडी?" बाई ताठ झाल्या. "ते मेलेले पक्षी? ती धमकी होती!"

विनीबाई आधी खळखळून हसल्या. मग समोरचा चेहरा बघून त्यांचं हसू विझलं.

"धमकी? अहो बाई, मान होता तो! शेजाऱ्याला देतात जोडी. माझ्या दारावर दर वर्षी लागते. तुम्ही फेकलीत तेव्हा गाव म्हणालं, या बाईला आमचा शेजार नको."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलंत का कधी?" विनीबाई म्हणाल्या आणि मग आवाज उतरवून पुढं बोलल्या, "आणि आम्ही तरी कुठं सांगायला आलो? चुकलं खरं आमचंही."

बाई तिथूनच क्लेमच्या घरी गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते मी ऐकलेलं नाही, म्हणून सांगत नाही. पण पुढच्या शनिवारी दोघं वाटेनं चालत आले. क्लेम आता अठ्ठ्याहत्तरचा होता. खुबा दुखत होता, हातात काठी होती, सोबत टीझल नव्हती.

बाईंनी किल्ली कुलपात घातली. फिरेना. चार पावसाळी वर्षांचा गंज साचला होता; एरवी झटापट करून फिरायची, त्या दिवशी अडूनच बसली. त्यांनी जोर केला तशी किल्ली आतच तुटली. त्या रडकुंडीला आल्या. "थांबा, मी गावातून करवत आणते. नाहीतर लोहाराला बोलावते."

"कशाला?" क्लेम म्हणाला. "तुम्ही त्या टोकाला धरा. खालून. हं, आता वर उचला."

त्यानं बिजागरीची बाजू धरली. दोघांनी मला जरासं वर उचललं आणि मी अलगद सुटून आलं. ऑब्रीनं मला लोखंडी खुंट्यांवर नुसतं बसवलं होतं. या भागातली सगळी फाटकं अशीच बसवतात. कुलूप आणि साखळी दुसऱ्या बाजूला तशीच लोंबत राहिली.

बाई त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिल्या. "म्हणजे तुम्हाला हे कधीही उघडता आलं असतं?"

"केव्हाही. फाटक कशाला, कुंपणावरून तर मेंढीसुद्धा जाते."

"चार वर्षं! रान असं जाताना बघत होतात तुम्ही. मग आला का नाहीत?"

क्लेमनं टोपी काढली. म्हणाला, "कुलूप तुम्ही लावलं होतं ना, बाई."

बाईंनी तोंडावर हात धरला. क्लेम आत गेला. त्याला परत यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण त्यानं तक्रारीचा शब्द काढला नाही.

"हेझल बुडापासून घ्यावं लागेल. एका वर्षी एकच कोपरा, सगळं एकदम नाही. आठ वर्षांत फेरा पुरा होईल. भेकरांसाठी आयव्हरच्या मुलाला बोलवा, तो बापासारखा नाही, त्याचा नेम लागतो."

"त्याला देईन परवानगी," बाई म्हणाल्या. मग भीत भीत विचारलं, "आठही वर्षं तुम्ही शिकवाल?"

"एक कोपरा शिकवतो," क्लेम म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो अकरा शनिवार आला. ओंडक्यावर बसून सांगायचा आणि बाई छाटायच्या. "वरून नाही हो, खालून! दात काढताना अर्धा ठेवता का?" असं तो ओरडायचा आणि बाई हसत पुन्हा खाली वाकायच्या. क्लेम एवढं बोलू शकतो हे मला तेव्हा कळलं. बाराव्या शनिवारी बाई एकट्याच आल्या. त्यांच्या अंगावर काळे कपडे होते, आमच्याकडं माणसाला पुरायला जाताना घालतात तसे.

मित्रांनो, मला आता परत खुंट्यांवर बसवलं आहे. कुलूप नाही. खालची पट्टी कुजली आहे आणि तुम्ही तिला कधी डांबर लावलंत तर मी उपकार मानेन. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. रान घ्या, घर घ्या, शेत घ्या, सगळ्या हक्कांसह घ्या. पण कुलूप लावण्याआधी एकदा विचारा, इथं रोज कोण येत होतं आणि येऊन काय करत होतं? कागदावर ते लिहिलेलं नसतं. आणि तुमच्या गावात कुणी नवं माणूस आलं, तर त्यानं विचारण्याची वाट बघत बसू नका.

यंदाच्या वसंतात त्या छाटलेल्या कोपऱ्यात प्रिमरोझ फुललं. बाई तिथं खूप वेळ बसून होत्या. परत आल्या तेव्हा कोयता हातात होता. मला उघडून त्या वाटेच्या मधोमध उभ्या राहिल्या, उरलेल्या रानाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "क्लेम, आता पुढचा कोपरा कोणता घेऊ?"

मग त्यांनी आपणच एक निवडला.